दोन लाखांचं अंतर: नैरोबी ते बोंडो

सोमवार, नैरोबी

जीवनजी गार्डनमध्ये दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत संसद भरते. खरी संसद तिथून चालत पंधरा मिनिटांवर, पोलिसांच्या पहाऱ्यात. ही लोकांनी भरवलेली, नाव ‘बुंगे ला म्वानांची’. झाडाखाली दोन-चार बाकं, पंचवीस-तीस माणसं, काखेत पेपर, हातात शेंगदाण्याची पुडी. एक जण मधे उभा राहून बोलतो आणि बाकीचे त्याला बोलू देत नाहीत. एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर आपल्याकडे जे चालतं तेच; फक्त इथे सभापती नेमलेला असतो आणि तो घड्याळ बघून माणसाला खाली बसवतो. बाग शहराला देणारा आलिभाई मुल्ला जीवनजी कराचीचा, रेल्वेच्या कंत्राटांवर गब्बर झालेला.

पुतण्या गेली काही वर्षं नैरोबीत नोकरी करतो. “काका, तुम्हाला निवडणुकांचंच बघायचंय ना? मग सिंह-हत्ती नंतर. आधी इथे बसा,” म्हणून मला सोडून तो ऑफिसला गेला. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. लोकसभा, विधानसभा, ग्रामपंचायत, सगळ्या ड्यूट्या केलेल्या. मतपेटीपासून ईव्हीएमपर्यंत सगळं हातांखालून गेलंय. त्यामुळे दुसऱ्याच्या देशात गेल्यावरही माझी नजर आधी मतदान केंद्राच्या दाराकडे जाते.

मी भारतीय आहे कळल्यावर चर्चा थांबली. राइला ओडिंगा जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. १५ ऑक्टोबर २०२५ ला, केरळात कूथाट्टुकुलमच्या आयुर्वेदिक रुग्णालयात उपचार घेत असताना, सकाळी फिरायला गेलेले असताना हृदय बंद पडलं. मुलीची दृष्टी त्याच रुग्णालयात सुधारली, म्हणून त्यांचा तिथल्या वैद्यांवर भरवसा. “तुझं गाव तिथून किती लांब?” एका वयस्कर माणसानं विचारलं. म्हटलं, त्याच किनाऱ्यावर, पण बरंच वर, रत्नागिरी जिल्ह्यात. “मग तू आमच्या बाबाच्या शेवटच्या शेजाऱ्यांपैकी,” असं म्हणून त्यानं मला बाकावर जागा करून दिली. राइलाला इथे ‘बाबा’च म्हणतात. पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, १९९७, २००७, २०१३, २०१७ आणि २०२२. पाचही वेळा हरला, किंवा हरवला गेला. क्रियापद कुठलं वापरायचं यावर त्या बाकावर अर्धा तास भांडण चाललं.

विल्यम रूटोबद्दल मात्र एकमत दिसलं. सध्याचा राष्ट्राध्यक्ष. त्याचं नाव कुणी घेत नाही, ‘झकायो’ म्हणतात, बायबलातला तो झाडावर चढलेला जकातवाला. करांमुळे पडलेलं नाव.

रात्री पुतण्याच्या घरी वहीत दोन आकडे मांडले. डिसेंबर २००७: तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी ४५,८४,७२१, राइला ४३,५२,९९३. ऑगस्ट २०२२: रूटो ७१,७६,१४१, राइला ६९,४२,९३०. पहिलं अंतर २,३१,७२८, दुसरं २,३३,२११. म्हणजे जवळपास तेवढंच. पहिल्या अंतरापायी अकराशेहून जास्त माणसं मेली, सहा लाखांवर बेघर झाली. दुसऱ्या वेळी भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तीन आठवड्यांत मिटलं. मधल्या पंधरा वर्षांत काय बदललं ते बघायला पुढचे दिवस ठेवले होते.

मंगळवार, नैरोबी

सकाळी सिटी पार्क. माकडं पिशवीवर झडप घालतात, तेव्हा केळी नेऊ नयेत. पार्कच्या कडेच्या दफनभूमीत पियो गामा पिंटो आहे. जन्म नैरोबीचा, मूळ गोव्याचं, शिक्षण हिंदुस्थानात. मुंबईत नोकरीत असताना संपात उतरला, गोवामुक्तीच्या चळवळीत शिरला, पोर्तुगीज पकडतील अशी वेळ आल्यावर केनियात परतला आणि तिथे इंग्रजांच्या कैदेत पडला. स्वातंत्र्यानंतर खासदार झाला, जारामोगी ओगिंगा ओडिंगांचा, म्हणजे राइलाच्या वडिलांचा, उजवा हात. २४ फेब्रुवारी १९६५ ला घराच्या फाटकाशी गाडीतच गोळ्या घातल्या. मागच्या सीटवर लहान मुलगी होती. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या.

पलीकडेच जोसेफ मुरुम्बीचं स्मारक. वडील गोव्याचे व्यापारी, आई मासाई. जारामोगींनी १९६६ ला उपराष्ट्राध्यक्षपद सोडलं तेव्हा त्या जागी मुरुम्बी आला, पण वर्षही काढलं नाही. पिंटोच्या खुनानंतर त्याचं मन उडालं होतं, असं सांगतात. मित्राच्या जवळ पुरा, ही त्याची इच्छा होती. आपल्याकडे या दोघांची नावं गोव्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाहीत, याचं मला जरा वाईट वाटलं. केनियात सत्तेचा वाद सुरू झाला तो पहिला राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा विरुद्ध जारामोगी असा, आणि त्या पहिल्याच फेरीत आपल्या किनाऱ्यावरच्या दोन माणसांचं आयुष्य गेलं. पुढे तोच वाद त्यांच्या मुलांनी, उहुरू आणि राइलानं, चालवला. रूटो या दोन्ही घरांतला नाही, आणि त्याच्या सगळ्या राजकारणाचं भांडवल तेच.

दुपारी पुतण्याच्या सहकाऱ्याच्या बायकोला भेटलो. ती प्राथमिक शिक्षिका, २०२२ ला मतदान केंद्राध्यक्ष होती. मी मास्तर आहे म्हटल्यावर “म्वालिमू” म्हणत तिनं चहा टाकला, दुधातच उकळलेला, आणि मोबाइल काढून फॉर्म ३४ अ चा फोटो दाखवला. स्वतः भरलेला फॉर्म तीन वर्षांनंतरही तिनं जपून ठेवलाय. आम्ही दोघं त्या फोटोवर वाकून बसलो, तेव्हा तिच्या नवऱ्यानं पुतण्याकडे बघून डोळे फिरवले.

चार उमेदवार: राइला, रूटो, वाजाकोया, म्वौरे. प्रत्येकापुढे मतं आकड्यांत. खाली नोंदलेले मतदार, बाद मतं, वैध मतं. त्याखाली प्रतिनिधींची नावं, ओळखपत्र क्रमांक, सह्या. एका प्रतिनिधीची सही रेघेबाहेर गेलेली. “तो रात्री साडेआठला पेंगत होता,” ती म्हणाली. मतदान सहा ते पाच. एका केंद्राला जास्तीत जास्त ७०० मतदार. मतपेट्या सहा, कारण एकाच दिवशी राष्ट्राध्यक्षापासून वॉर्डाच्या सभासदापर्यंत सहा पदांना मतं. पण मोजणी तिथेच, त्याच वर्गात, त्याच रात्री, आणि राष्ट्राध्यक्षाची सगळ्यात आधी. एकेक मतपत्रिका उघडून सगळ्यांना दाखवायची. मग फॉर्म भरायचा, प्रतिनिधींना प्रती द्यायच्या, यंत्रानं फोटो काढून वर पाठवायचा आणि एक प्रत दारावर चिकटवायची.

“चिकटपट्टी लावत होते तेवढ्यात मागून दहा मोबाइलचे टॉर्च,” ती म्हणाली. “माझी पट्टी तोडून व्हायची होती, तोवर फोटो कुठल्या कुठे गेला.”

२००७ ला असलेच फॉर्म होते, नाव वेगळं. पण बेरीज नैरोबीच्या केन्याटा कन्व्हेन्शन सेंटरमध्ये व्हायची आणि वाटेत कागदाचं काय झालं ते बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता. राइला पुढे होता, मग पिछाडीवर गेला, मग ३० डिसेंबरच्या संध्याकाळी किबाकी जिंकल्याचं जाहीर झालं आणि तासाभरात राष्ट्राध्यक्ष निवासाच्या हिरवळीवर शपथही उरकली. नंतर आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू यांनीच किबाकी जिंकले की नाही ते आपल्याला माहीत नाही असं सांगून टाकलं. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती क्रिग्लर यांच्या आयोगानं चौकशी केली. निष्कर्ष असा की आकडे इतके नासलेत की कोण जिंकलं ते आता कुणालाच ठरवता येणार नाही. केंद्राध्यक्ष म्हणून हे वाक्य मला फार लागलं. एवढ्या लोकांनी रांगा लावल्या, शाई लावून घेतली, आणि उत्तर काय, तर ठरवता येत नाही.

२०१७ ला पुन्हा गोंधळ. मतदानाच्या थोडं आधी आयोगाच्या संगणक विभागाचे प्रमुख ख्रिस म्सांडो यांचा मृतदेह सापडला. उहुरू केन्याटा ५४ टक्क्यांनी जिंकल्याचं जाहीर झालं, पण ३४ अ फॉर्म जागेवर नव्हते, आणि न्यायालयानं सर्व्हर उघडून दाखवा म्हटलं तर आयोगानं धड दाखवले नाहीत. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागांच्या पीठानं चार विरुद्ध दोन अशी ती निवडणूकच रद्द केली. आफ्रिकेत विद्यमान राष्ट्राध्यक्षाची निवड न्यायालयानं रद्द करण्याची ती पहिली वेळ. फेरनिवडणुकीवर राइलानं बहिष्कार टाकला आणि उहुरू ९८ टक्क्यांनी ‘जिंकला’.

म्हणून २०२२ ला आयोगानं ४६,२२९ केंद्रांचे फॉर्म जसे येतील तसे सगळ्यांसाठी खुले केले. वाहिन्या, पक्ष, कॉलेजची पोरं, ज्याला त्याला बेरीज करायची मोकळीक. तरीही १५ ऑगस्टला नैरोबीतल्या बोमासच्या सभागृहात निकालाच्या वेळी मारामारी झालीच. सातांपैकी चार आयुक्त बाहेर जाऊन म्हणाले, हा निकाल आम्हाला मान्य नाही. अध्यक्ष वाफुला चेबुकाटींनी आत निकाल वाचला. रूटो ५०.४९ टक्के. ५ सप्टेंबरला सातही न्यायाधीशांनी तो उचलून धरला.

शिक्षिकाबाईनं कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. केंद्राध्यक्षाला ते विचारायचं नसतं.

बुधवार, नैवाशा–नाकुरू

भाड्याची गाडी, ड्रायव्हर नाकुरूचा, किकुयू, म्हणजे किबाकीच्याच जमातीचा, पन्नाशीचा. जुन्या खालच्या रस्त्यानं निघालो. घाटावरून रिफ्ट व्हॅली एकदम खाली उघडते. फोटो काढला, मक्याचं कणीस खाल्लं, पुढे. पावसाचे दिवस, धुकं. माई माहिऊजवळ इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ ला बांधलेलं एवढंसं चर्च आहे, तिथे पाच मिनिटं.

नैवाशाच्या फुलशेतीतून युरोपला गुलाब जातात. मजूर बरेचसे पश्चिम केनियातले, लुओ, म्हणजे राइलाच्या जमातीचे, आणि लुह्या. जानेवारी २००८ च्या अखेरीस इथे किकुयू टोळ्यांनी त्यांच्यावर हल्ले केले. एका घराला बाहेरून आग लावली, त्यात एकोणीस जण गेले. त्याआधी महिनाभर रिफ्टमध्ये कालेंजिन टोळ्यांनी किकुयूंना मारलं होतं, त्याचा हा सूड. ड्रायव्हर बोलत नव्हता. मीही विचारलं नाही.

नाकुरूला अफ्राहा स्टेडियमपाशी गाडी आली तसा तो आपणहून खुलला. २ डिसेंबर २०१२ ला इथे तो स्वतः गर्दीत होता. उहुरू, म्हणजे किकुयूंचा नेता, आणि रूटो, म्हणजे कालेंजिनांचा, दोघांनी हातात हात घालून युती जाहीर केली. दोघांवरही तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात २००८ च्याच हिंसाचाराचे आरोप होते, समोरासमोरच्या बाजूंचे. त्यांची युती झाली आणि मार्च २०१३ ला जिंकली: उहुरूला ५०.०७ टक्के. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं लागतात, ती रेघ जेमतेम ओलांडली. “लोक म्हणतात हे ढोंग होतं,” ड्रायव्हर म्हणाला. “असेल. पण त्या वर्षी माझ्या मोठ्या भावाला एल्डोरेटजवळच्या शेतावर परत जाता आलं.”

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

गुरुवार, एल्डोरेट

रात्री इथे गारठा चांगलाच असतो. शहर एकवीसशे मीटरवर. सकाळी रस्त्याकडेनं धावपटू जातात, पाय जमिनीला लागतायत की नाही कळत नाही. दूधवाल्याकडे मुर्सिक प्यायलो: भोपळ्याच्या तुंब्यात कोळशाची पूड चोळून विरजलेलं दूध, करडं, आंबट. पहिला घोट जड गेला, दुसरा ग्लास मागून घेतला.

कियाम्बा शहरापासून फार दूर नाही. मातीचा रस्ता, दोन्हीकडे मका. १ जानेवारी २००८ ला इथल्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या किकुयूंवर जमावानं आग लावली. तीसच्या आसपास गेले, बहुतेक बायका आणि मुलं. गाद्या पेट्रोलमध्ये भिजवून दाराला लावल्या होत्या. आता क्रॉसची रांग आहे, गवत वाढलेलं, एका बाजूला कुणाची गाय बांधलेली. ड्रायव्हर खाली उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला.

हे निव्वळ निवडणुकीचं नव्हतं, हे इथे आल्यावर समजतं. इंग्रजांनी या डोंगरपठारावरनं कालेंजिनांना हटवून गोऱ्यांना शेतं दिली. गोरे गेल्यावर जोमोच्या काळात किकुयूंनी कंपन्या काढून, पैसे गोळा करून ती विकत घेतली. शेत कायद्यानं त्यांचं, पण शेजाऱ्याच्या मनातून आपल्या आजोबाचं. १९९२ आणि १९९७ च्या निवडणुकांनाही इथे रक्त सांडलं होतं, म्हणजे मतपेटी हे निमित्त, आणि निमित्त दर पाच वर्षांनी येतं.

रूटो इथलाच. शहराच्या पश्चिमेला कामागुत भागात १९६६ ला जन्म. शाळेच्या वयात रेल्वे फाटकाजवळ हायवेवर कोंबड्या विकल्या, ही कथा त्यानं इतक्या वेळा सांगितलीय की आज त्या फाटकाजवळ खरोखर कोंबड्या विकणाऱ्यांची रांग आहे. मी गाडी थांबवली. एका पोरानं दोन गावठी कोंबड्या पायांना धरून उलट्या टांगून काचेसमोर नाचवल्या. “राष्ट्राध्यक्षांच्या जागेवरची,” तो म्हणाला, आणि भाव त्याला साजेसाच सांगितला. ड्रायव्हरनं किकुयूत काहीतरी पुटपुटून गिअर टाकला.

कोंबड्यांची कथा खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी अशी. नैरोबी विद्यापीठातून वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र घेऊन बाहेर पडलेला हा तरुण १९९२ ला ‘वायके ९२’ नावाच्या टोळक्यात शिरला. डॅनियल आराप मोई चौदा वर्षं सत्तेत होते, एकपक्षीय राजवट मोडून पहिल्यांदाच बहुपक्षीय निवडणूक होती, आणि त्या टोळक्याचं काम होतं तरुणांत पैसे पसरणं. नव्या पाचशेच्या नोटेला लोक गटाच्या म्होरक्याचं, जिरोंगोचं, नाव देऊन मोकळे झाले. रूटो खजिनदार. मोई जिंकले, ३६ टक्क्यांवर, कारण विरोधक फुटले होते. १९९७ ला रूटोनं मोईंच्याच माणसाला, र्‍यूबेन चेसिरेला, हरवून एल्डोरेट नॉर्थची जागा घेतली. मोईंना ते रुचलं नव्हतं, पण नंतर जवळ केलं. २००२ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उहुरूसाठी राबला, उहुरू हरला. २००७ ला राइलाच्या ऑरेंज पक्षात, अगदी पहिल्या फळीत. मग मंत्री, मग राइलाशी फारकत. २०१३ ला उहुरूचा उपराष्ट्राध्यक्ष. मार्च २०१८ ला उहुरू आणि राइलानं हरांबी हाउसच्या पायऱ्यांवर हात मिळवले, तेव्हा पदावर असूनही तो घरातला परका झाला. त्यानं काय केलं, तर हातगाडी हेच निवडणूक चिन्ह घेतलं. घराणेशाही एकीकडे, मी आणि तुम्ही हातगाडीवाले एकीकडे. स्वतःकडे हॉटेल, शेकडो एकर, हेलिकॉप्टरं असताना हे पटवून देणं सोपं नव्हतं. त्यानं ते पटवलं, उहुरूच्याच किकुयू पट्ट्यात जाऊन पटवलं. मला हा माणूस आवडत नाही. पण पुण्या-मुंबईच्या गप्पांत ‘आफ्रिकेत काय, मतं चोरतात आणि बसतात’ असं जे सर्रास ऐकू येतं, ते या माणसाच्या बाबतीत लागू पडत नाही. तो प्रत्येक गावात जाऊन, प्रत्येक छावणीत राहून वर चढलाय.

हेगचा खटला? १० सप्टेंबर २०१३ ला सुरू झाला, ५ एप्रिल २०१६ ला न्यायाधीशांनी रद्द केला. साक्षीदार एकामागून एक फिरले. साक्षीदारांवर दबाव आल्याचं न्यायाधीशांनीच नोंदवलं. ती निर्दोष सुटका म्हणता येत नाही. अफ्राहा स्टेडियममध्ये मात्र आभाराची प्रार्थनासभा दणक्यात झाली.

शुक्रवार, किसुमू

एल्डोरेटहून कापसाबेत, मग नांदीचे चहाचे मळे, मग चावाकालीवरून उतार. डोंगर उतरताना व्हिक्टोरिया सरोवर दिसायला लागतं आणि अंगातलं स्वेटर काढावं लागतं. १९०१ ला मोम्बासाची रेल्वे इथवर आली, पंजाबी-गुजराती मजुरांनी आणलेली. बाजारपेठेत अजून गुजराती पाट्या दिसतात. २००८ ला यातली कितीतरी दुकानं लुटून जाळली.

किसुमू म्हणजे लुओंचं शहर, राइलाचं. इथल्या लोकांचा हिशेब सरळ आहे: आम्ही पाच वेळा मतं दिली, आम्हाला दर वेळी गोळ्या मिळाल्या. ऑक्टोबर १९६९ ला जोमो रशियानं बांधून दिलेल्या इस्पितळाच्या उद्घाटनाला आले, जारामोगींशी भर सभेत बाचाबाची झाली, अंगरक्षकांनी गर्दीवर गोळीबार केला. पाचच दिवसांत जारामोगींच्या पक्षावर बंदी. ते इस्पितळ अजून आहे, लोक त्याला ‘रशिया’ म्हणतात. २०१७ ला न्यालेंदा वस्तीत पोलीस घरात घुसले, त्यांच्या मारानं सहा महिन्यांची मुलगी गेली. न्यायालयानं निवडणूक रद्द केली हे नैरोबीतलं अभिमानाचं पान. इथे त्याच निवडणुकीची आठवण अशी आहे.

सरोवराकाठी टपऱ्यांच्या रांगेत तिलापिया खाल्ला. अख्खा तळलेला, टोमॅटो-कांद्याच्या रश्शात, सोबत उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. हात धुवायला पोरगी तांब्या आणि पातेलं घेऊन टेबलाशी येते. कोकणातला असल्यामुळे गोड्या पाण्याच्या माशाला मी नाक मुरडणारच होतो. शेवटी काटे चोखत बसलो.

शेजारच्या टेबलावर तीन तरुण. त्यांचा राग रूटोवर होता तसा बाबावरही होता, पण तो दबक्या आवाजात. जून २०२४ ला नव्या करांविरुद्ध नैरोबीत पोरं रस्त्यावर उतरली, २५ तारखेला थेट संसदेत घुसली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या आंदोलनात पन्नासाहून अधिक गेले. विधेयक रूटोला मागे घ्यावं लागलं. आणि त्याच्या पाठोपाठ राइलाची माणसं मंत्रिमंडळात जाऊन बसली, मार्च २०२५ ला दोघांनी रीतसर करारही केला. तिकडे ज्या उपराष्ट्राध्यक्षाच्या जोरावर किकुयू मतं आणली, त्या रिगाथी गचागुआला महाभियोग लावून काढला. म्हणजे २०२२ ला एकमेकांविरुद्ध लढलेले एकत्र, आणि एकत्र लढलेले विरोधात. “आम्ही कुणाच्या बाजूनं मेलो ते तरी सांगा,” त्यातला एक म्हणाला. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, बाबा जाऊन महिनाच झालाय म्हणून.

शनिवार, बोंडो

किसुमूपासून तासाभरापेक्षा थोडं जास्त. कांगो का जारामोगी: ओडिंगा घराण्याची वाडी. जारामोगींची समाधी आणि संग्रहालय आधीपासून होतं, आता मुलगाही तिथेच. फाटकाबाहेर गर्दी, शाळेच्या बसेस, नारिंगी टोप्यांचे विक्रेते, भाजलेला मका. आत शांतता राखा वगैरे काही नाही. लोक येतात, मोठ्यानं रडतात, फोटो काढतात, डबा खातात. एक म्हातारी समाधीशी उभी राहून चक्क भांडत होती. काय म्हणते विचारलं, तर ड्रायव्हरला लुओ येत नाही. शेजारच्या बाईनं सांगितलं: रूटोशी हात का मिळवलास ते विचारतेय.

पक्षाची सूत्रं तूर्त थोरल्या भावाकडे, ओबुरू ओगिंगांकडे. तेही ऐंशीच्या पुढे. पुढची निवडणूक १० ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे २००२ नंतर पहिल्यांदा ओडिंगा विरुद्ध कुणीतरी असं चित्र नसण्याची शक्यता आहे. निवडणूक आयोग तर अडीच वर्षं रिकामाच होता. जुलै २०२५ ला नवे आयुक्त बसले. इतक्या चांगल्या फॉर्मच्या देशात तो फॉर्म छापणारी कचेरीच बंद ठेवायची, हे राजकारण्यांना सहज जमलं, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

बाहेर एका झाडाखाली बी.एड. करणारी मुलगी भेटली, वीस-एकवीसची. मतदार नोंदणीसाठी मैत्रिणींना गोळा करत होती. २०२७ ला केंद्रावर पक्षाची प्रतिनिधी म्हणून बसणार होती. मी केंद्राध्यक्ष होतो म्हटल्यावर प्रश्नांवर प्रश्न. शाई किती दिवस टिकते? वीज गेली तर? रात्री किती वाजेपर्यंत मोजता?

म्हटलं, आम्ही केंद्रावर मोजत नाही. यंत्रं सील करून स्ट्राँगरूमला जातात, मोजणी नंतर, कधी काही दिवसांनी तर कधी महिन्यानं.

“मग दारावर काय लावता?”

मी १७ क समजावून सांगितला. किती मतं पडली याचा हिशेब त्यात असतो, त्याची प्रत प्रतिनिधींना देतो, मोजणीच्या दिवशी ती घेऊन ते ताळा करतात.

“कुणाला किती, ते नाही?”

“ते मोजणीच्या दिवशी.”

“आणि तोवर तुम्ही झोपता?” ती हसली, पण प्रश्न खरा होता. मी सांगायला लागलो, की स्ट्राँगरूमबाहेर पहारा असतो, पक्षांची पोरं तंबू ठोकून बसतात, कॅमेरे असतात. ती ते वहीत लिहून घेत होती, आणि मधेच थांबून “म्हणजे पोलिसांचा पहारा?” असं तिनं विचारलं, तेव्हा ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला. किसुमूचं विमान साडेसहाचं होतं आणि त्याला त्याच रात्री नाकुरू गाठायचं होतं. तिनं माझा नंबर घेतला, बाकीचं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारीन म्हणाली.